घारीच्या पंखात खिंडार दिसतंय: मार लागलाय, रोग आहे, की पिसं बदलतेय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. चोपड्याला तुमच्या घरासमोरच्या निंबावर घारीची जोडी आहे, त्यातली एक ऑगस्ट लागल्यापासून फाटक्या छत्रीसारखी दिसतेय, दोन्ही पंखांत मधेच खिंडार, शेपटी एका बाजूने आखूड, आणि अंगणात दोन लांब पिसं पडलेली सापडली. शेजारचे म्हणतात पोरांनी गलोल मारली, कोणी म्हणतं रोग लागलाय. तुम्ही विचारताय की पकडून डॉक्टरकडे न्यावी का, पिसं किती दिवसांत येतील, आणि एक पीस लोंबतंय ते ओढून काढलं तर नवीन लवकर येईल का.

पहिलं उत्तर लगेच देऊन टाकतो. पकडू नका, आणि पीस तर अजिबात ओढू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ती पिसं बदलतेय असं मला नव्वद टक्के वाटतं. राहिलेले दहा टक्के फोटोवर अवलंबून आहेत, ते शेवटी सांगतो. मी जखमी पक्ष्यांच्या कामात बरीच वर्षं आहे, जळगाव-धुळ्याकडून येणाऱ्या फोनमध्ये पावसाळ्यात हाच प्रश्न सगळ्यात जास्त असतो, आणि त्यात खरी अडचण आजार ओळखण्याची नसते. अडचण असते ती पीस "झडलंय" का "तुटलंय" हे ओळखण्याची. ही दोन गणितं पूर्ण वेगळी आहेत, आणि एकदा ती कळली की बाकीचं आपोआप सुटतं.

पूर्ण वाढलेलं पीस म्हणजे मेलेली वस्तू. त्यात रक्त नाही, नस नाही, ते स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. रोज उडून, फांद्यांना घासून, धुळीने आणि मुख्य म्हणजे उन्हाने ते झिजत जातं, आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन काय असतं ते भुसावळकरांना सांगायला नको. वर्षभर वापरलेलं घारीचं पीस हातात घेतलं तर टोक दातरलेलं असतं, मूळचा गडद तपकिरी रंग विटून मातकट झालेला असतो. एक गंमत बघा, पिसाचा जो भाग काळा किंवा गडद असतो तो कमी झिजतो कारण मेलॅनिन या गडद रंगद्रव्यामुळे तो कडक होतो, आणि फिकट भाग आधी कुरतडल्यासारखा होतो. म्हणून घारीच्या नवख्या पिल्लाच्या अंगावरचे फिकट ठिपके वर्षभरात झिजून जवळपास दिसेनासे होतात आणि लोकांना वाटतं पक्षी बदलला.

तर झिजलेलं पीस बदलायला एकच मार्ग, नवीन उगवणं. कातडीत ज्या खोबणीत पीस बसलेलं असतं त्याच खोबणीत खालून नवीन पीस वाढायला लागतं आणि ते जुन्याला वर ढकलून देतं, मग जुनं आपोआप गळून पडतं. हे असं गळलेलं पीस ओळखणं सोपं आहे. तुमच्या अंगणातलं पीस उचलून त्याच्या देठाचं टोक बघा. टोक अख्खं, कोरडं, पांढुरकं-पारदर्शक, रक्ताचा डाग नाही, तर ते वेळेवर झडलेलं पीस आहे. टोकाला वाळलेलं रक्त किंवा मांसाचा तुकडा चिकटलाय, तर कोणीतरी ओढलंय. आणि देठच नाहीये, मधूनच मोडलंय किंवा कापलंय, तर ते तुटलेलं आहे, आणि त्याचा खुंट अजून पक्ष्याच्या पंखात बसलेला आहे.

हा खुंट म्हणजे सगळ्या गैरसमजाचं मूळ. लोकांना वाटतं नख किंवा केसांसारखं तुटलेलं पीस परत वाढेल. नाही वाढत. खुंट जागेवर आहे तोवर खोबणीला वाटतं की पीस आहे, मग ती नवीन काढायच्या भानगडीत पडत नाही, पिसं बदलायचा पुढचा हंगाम येईपर्यंत तो खुंट तसाच राहतो. "मग खुंट उपटून टाकू" हा विचार इथूनच येतो, आणि खरं सांगायचं तर उपटलेल्या जागी कधीकधी लवकर पीस येतंही, पण ताकदीने उपटताना खोबणीच फाटली तर तिथे आयुष्यभर वाकडं पीस येतं नाहीतर येतच नाही. शिवाय मोठ्या पंखपिसांची मुळं हाडाला घट्ट धरून असतात, उपटणं भयंकर दुखतं. हे काम पशुवैद्यकाने भूल देऊन आणि तेही नाइलाज असेल तरच करायचं असतं. घरी कधीच नाही.

आता मुख्य मुद्दा, क्रम. शिकारी पक्ष्याला रोज उडून पोट भरायचंय. हतनूर धरणावर हळदी-कुंकू बदकं दिसतात ना, त्यांची वीण झाली की उडायची सगळी पिसं ती एकदम टाकून देतात आणि काही आठवडे उडूच शकत नाहीत, पाण्यात गवतात लपून राहतात, कारण त्यांचं खाणं पाण्यातच आहे. घारीने असं केलं तर आठवड्यात मरेल. म्हणून ती एकावेळी एक-दोन पिसं टाकते, ती बऱ्यापैकी वाढली की पुढची, आणि हे दोन्ही पंखांत जवळजवळ एकाच वेळी, म्हणजे डाव्याचं चौथं गेलं की दोन-चार दिवसांच्या फरकाने उजव्याचंही चौथं जातं. त्यामुळे तोल जात नाही.

पंखाच्या हाताच्या भागावर, म्हणजे मनगटापासून टोकापर्यंत, दहा मोठी पिसं असतात. त्यांना प्रायमरी म्हणतात आणि मोजायची आतून बाहेर, मनगटाजवळचं पहिलं आणि अगदी टोकाचं दहावं. घार, शिक्रा, तिसा, कापशी, गरुड ही सगळी मंडळी पहिल्यापासून सुरू करून दहाव्याकडे जातात. ससाण्याच्या कुळाचं वेगळं आहे. खरुची, लग्गड, बहिरी ससाणा हे चौथ्यापासून सुरू करतात आणि तिथून दोन्हीकडे सरकत जातात. हा फरक पुस्तकी वाटेल पण कामाचा आहे, कारण खरुचीच्या पंखात बरोबर मधे गॅप दिसला तर तो सुरुवातीचा समजायचा आणि घारीच्या पंखात मधे दिसला तर अर्ध काम उरकलंय.

म्हणजे घारीचा गॅप महिन्यागणिक बाहेर सरकत जातो. सुरुवातीला मनगटाजवळ, मग मधे, मग टोकाच्या "बोटांत". तुम्ही ऑगस्टमध्ये मधोमध खिंडार बघताय हे त्या हिशोबात अगदी चपखल बसतं, कारण आपल्याकडे घारी हिवाळ्यातच घरटी धरतात, उन्हाळ्यात पिल्लं उडतात, आणि मग पिसांचं काम जोरात चालतं. नीट बघितलं तर गॅपच्या आतल्या बाजूची पिसं गडद आणि काठ सरळ असलेली दिसतील, ती नवीन. बाहेरची विटलेली, ती जुनी. आणि गॅपच्या अगदी कडेला अर्धवट लांबीचं एक पीस दिसलं तर मग शंकाच नको, ते वाढतंय.

हे वाढतं पीस जवळून बघायला मिळालं तर आश्चर्य वाटतं. सुरुवातीला ते निळसर-करड्या नळीसारखं असतं, वरून मेणचट आवरण, आणि आत जिवंत रक्त. बोटाला कोमट लागतं. टोकाकडून आवरण फुटतं आणि ब्रशसारखं पीस बाहेर येतं, पक्षी चोचीने ते आवरण सोलत बसतो म्हणून या दिवसात त्याच्या चोचीवर आणि आजूबाजूला पांढरा कोंडा दिसतो, लोक त्यालाच "त्वचारोग" म्हणून फोन करतात. या अवस्थेतलं पीस तुटलं तर मात्र खरंच रक्त वाहतं. म्हणून हंगामात पक्षी पकडण्याचा प्रयत्न सगळ्यात वाईट, जाळ्यात-पोत्यात दोन मिनिटं धडपडला तरी वाढतं पीस मोडतं.

तुम्ही म्हणताय ते "लोंबणारं पीस" बहुधा जुनंच आहे जे खालून ढकललं गेलंय पण पडलं नाही अजून. दोन दिवसांत स्वतःच पडेल.

शेपटीचं सांगतो. घारीला शेपटीत बारा पिसं असतात. बहुतेकदा मधली जोडी आधी जाते मग बाकीची, पण शेपटी पंखाइतकी शिस्त पाळत नाही, त्यामुळे एका बाजूने आखूड शेपटी बघून घाबरायचं कारण नाही. घारीची शेपटी दुभंगलेली असते ही तिची ओळख, पण या दिवसांत ती खाच दिसेलच असं नाही आणि मग नवीन पक्षीनिरीक्षक तिला काहीतरी दुर्मिळ गरुड समजून फोटो पाठवतात. पिंगळ्यासारखी छोटी घुबडं तर शेपटीची सगळी पिसं जवळपास एकदम टाकतात, बिनशेपटीचा पिंगळा गोठ्याच्या आढ्यावर बसलेला दिसला तर मांजरीने धरला होता असं लगेच समजू नका.

आता "किती दिवसांत येतील". मोठ्या शिकारी पक्ष्यांचं पंखपीस दिवसाला साधारण ४ ते ६ मिलीमीटर वाढतं. पक्षी मोठा म्हणून वेग फार वाढत नाही, पीस लांब म्हणून वेळ वाढतो. घारीचं लांब प्रायमरी फूटभर असतं, म्हणजे एका पिसाला दीड-दोन महिने धरा, आणि ती एकामागून एक येतात म्हणून पूर्ण पंखाला चार-पाच महिने सहज जातात. झडलेलं पीस उजेडात तिरकं धरून बघा, आडव्या फिकट-गडद पट्ट्या दिसतील, एक फिकट आणि एक गडद मिळून साधारण एका दिवसाची वाढ. पोरांना दाखवा, त्यांना आवडतं. पण घरात साठवू नका, मोराच्या पिसाला कायद्यात जी सूट आहे ती घारीच्या पिसाला नाही. फोटो काढा आणि तिथेच राहू द्या.

शिक्र्यासारखा छोटा पक्षी एका हंगामात सगळं उरकतो. घारीचंही बहुतेक होतं, एखाददुसरं आतलं पीस जुनं राहून जातं. पण मोठे गरुड आणि गिधाडं यांना सगळा पंख बदलायला दोन-तीन वर्षं लागतात, एक फेरी टोकाला पोचायच्या आधीच दुसरी आतून सुरू झालेली असते, म्हणून त्यांच्या पंखात तीन-तीन वयाची पिसं शेजारी शेजारी दिसतात. आपण घर शाकारताना सगळी कौलं एकदम उतरवत नाही, यंदा ही बाजू, पुढच्या वर्षी ती, तसंच.

इथे मला मान्य करायला पाहिजे की महिन्यांचं गणित प्रत्येक पक्ष्याला सारखं नसतं. जोडीने यंदा पिल्लं काढली का, उशिरा काढली का, खाणं कसं होतं, नर आहे की मादी, सगळ्याने फरक पडतो. बऱ्याच शिकारी पक्ष्यांत मादी अंड्यावर बसलेली असतानाच पिसं टाकायला लागते, कारण तेव्हा नर तिला आणून खाऊ घालतो, तिला उडायचं काम कमी. नराला मात्र तेव्हा रोज शिकार आणायचीय, तो उशिरा सुरू करतो. म्हणून तुमच्या जोडीतली एक फाटकी आणि दुसरी टापटीप दिसतेय यात काही विचित्र नाही. आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी, ते तर अर्धी पिसं तिकडेच बदलून, मधेच काम थांबवून, प्रवास करून, उरलेली इकडे आपल्या माळावर बदलतात. प्रवासात पंखाला भोक नको. ऑक्टोबरात भोवत्याच्या पंखात आतली पिसं कोरी आणि बाहेरची जुनाट दिसली तर ते हे.

आता हे सगळं करायला माल लागतो. पीस म्हणजे जवळपास पूर्ण प्रोटीन. १९५५ साली पियर्स ब्रॉडकॉर्ब या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका बॉल्ड ईगलची सगळी पिसं मोजून वजन केलं होतं, ७१८२ पिसं भरली, वजन ६७७ ग्रॅम, आणि त्याच पक्ष्याचा हाडांचा सांगाडा फक्त २७२ ग्रॅम. म्हणजे हाडांच्या दुप्पट-अडीचपट वजनाचा पिसारा पक्षी पुन्हा पुन्हा अंगावर उभा करतो. त्या काळात उपासमार झाली की पिसावर खूण राहते. पीस ज्या दिवशी वाढत होतं त्या दिवशी खाणं मिळालं नाही किंवा जबर ताण आला तर तिथे आडवी, ब्लेडने हलकी रेघ ओढल्यासारखी पातळ पट्टी पडते, आणि पुढे पीस नेमकं तिथेच मोडतं.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दरवर्षी मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीचे बाग आडवे होतात तसे झाडांवरचे घरट्यातले घारीचे बच्चेही खाली पडतात, आणि लोक प्रेमाने घरी नेऊन दूध-पोळी, बिस्किट, नाहीतर नुसतं बोनलेस चिकन खाऊ घालतात. बच्च्याची सगळी पिसं एकाच वेळी वाढत असतात, मोठ्या पक्ष्यासारखी एकामागे एक नाही, म्हणून त्या वाईट आठवड्याची रेघ सगळ्या शेपटीवर एका ओळीत उमटते. दोन महिन्यांनी पक्षी दिसायला मोठा झालेला असतो, सोडला की पहिल्याच आठवड्यात शेपटी एका सरळ रेषेत मोडते. वर हाडं कच्ची ते वेगळंच. त्यांना हाडासकट अख्खं खाद्य लागतं, आणि ते देण्याचं काम ज्यांच्याकडे परवानगी आणि सोय आहे त्यांनी करायचं.

गलोल किंवा मांजा असेल तर काय दिसतं? एकाच बाजूला गडबड दिसते. एक पंख लोंबतो, बसल्यावर दोन्ही पंखांची टोकं सारख्या उंचीवर येत नाहीत. चार-पाच सलग पिसं एकाच रेषेत कापलेली दिसतात. मांज्याने बहुतेकदा पंखाच्या पुढच्या कडेचं कातडं चिरतं, तिथे रक्त वाळून पिसं चिकटलेली असतात, संक्रांतीनंतर नंदुरबारकडून असे पक्षी येतातच. आणि सगळ्यात मोठी खूण, वागणं. पिसं बदलणारी घार थोडी कमी उडते, जास्त वेळ बसून चोचीने साफसफाई करते, पण उडते, खाली झेप घेते, कावळ्यांना दाद देत नाही. जमिनीवर बसलीय, माणूस जवळ गेला तरी पळत नाही, उडत नाही, डोळे अर्धे मिटलेत, तर पिसांचा विषय बाजूला ठेवा, ती खरी आजारी किंवा जखमी आहे.

अशा वेळी १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा. ते येईपर्यंत पुठ्ठ्याचं खोकं, भोकं पाडलेलं, आत जुनी चादर, अंधार, पाणी-खाणं काही नको. पोपटाच्या तारेच्या पिंजऱ्यात घालू नका ही माझी हात जोडून विनंती आहे. जखम एक असते ती आठ दिवसांत भरते, पण तारेवर आपटून पंख आणि शेपटीची सगळी पिसं मोडून येतात आणि मग पक्ष्याला त्यासाठी वर्ष-वर्ष अडकवून ठेवावं लागतं. आम्ही तर उपचार चालू असताना शेपटीला जुन्या एक्स-रे फिल्मचं पाकीट करून टेपने लावतो, तेवढ्याने शेपटी वाचते.

आणि मोडलीच तर एक जुना उपाय आहे, बाजदार, म्हणजे शिकारीसाठी बाज-ससाणे पाळणारे लोक, शेकडो वर्षांपासून करत आलेत. त्याच जातीच्या मेलेल्या पक्ष्याचं त्याच नंबरचं पीस घ्यायचं, म्हणजे डाव्या पंखाचं सातवं मोडलं तर डाव्याचंच सातवं, लांबी जुळवून कापायचं, मोडलेल्या पिसाचा खुंटही नीट छाटायचा, आणि दोन्हींच्या पोकळ देठात बांबूची तासलेली बारीक काडी घालून डिंकाने जोडून टाकायचं. पिसात नस नसल्यामुळे दुखत नाही, त्रास होतो तो फक्त धरून ठेवण्याचा. असं जोडलेलं पीस पुढच्या हंगामात खुंटासकट गळतं आणि तिथे पक्ष्याचं स्वतःचं येतं. पण सगळ्यांना हे करायची गरज नसते, एका बाजूचं एखादं पीस मोडलं असेल आणि हंगाम दोन महिन्यांवर असेल तर मी हात लावत नाही.

तुमच्या घारीसाठी एवढंच करा. ती डोक्यावरून घिरट्या घेत असताना खालून, पंख पूर्ण उघडे असतील असे दोन-तीन फोटो काढा, मोबाइलचा झूम चालेल, सकाळी नऊच्या आत उजेड बरा असतो. मग पंधरा दिवसांनी परत. दोन्ही पंखांतला गॅप सारख्याच जागी असेल आणि दुसऱ्या फोटोत तो बाहेर सरकलेला असेल तर विषय संपला. अंगणातल्या दोन पिसांच्या देठाचा जवळून फोटोही टाका, त्यावरून मी लगेच सांगू शकेन. आणि पोरांना गलोलबद्दल सरळ विचारून घ्या. मारली असेल तर घारीच्या बसण्यात आत्तापर्यंत दिसलंच असतं, पण गलोल तेवढी काढून घ्या त्यांच्याकडून.